अस्तराची कापडी पिशवी

प्रस्तावना

बाजारातून परतताना भाजीने भरलेल्या पिशवीचा बंद अचानक सुटतो, बटाटे रस्त्यावर घरंगळत जातात आणि पिशवी नेणारी व्यक्ती रिकामा बंद हातात घेऊन उभी राहते. हा अनुभव अनेकांनी एकदा तरी घेतलेला असतो. अशा वेळी दोष कापडाला दिला जातो, नाहीतर भाजीच्या वजनाला. प्रत्यक्षात पिशवी उलटी करून पाहिली, तर बहुतेक वेळा कापड शाबूत असते. उसवलेली असते ती शिवण. जे काम वरून दिसत नव्हते, नेमके तेच कच्चे राहिलेले असते.

प्रस्तुत पाठात अस्तर लावलेली साधी पिशवी कशी शिवावी याची माहिती दिली आहे. हा कृतिप्रधान माहितीपर गद्याचा नमुना आहे. अशा लेखनात अलंकारांपेक्षा नेमकेपणाला महत्त्व असते. कथेत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर फारसे बिघडत नाही. कृती सांगताना तसे झाले, तर वाचणाऱ्याचे कापड वाया जाते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• अस्तराच्या पिशवीसाठी लागणारे कापड, साहित्य व मापे सांगू शकाल;
• पिशवी शिवण्याच्या पायऱ्या योग्य क्रमाने लिहू शकाल;
• पिशवीच्या टिकाऊपणाची कारणे स्पष्ट करू शकाल;
• शिवणकामातील मराठी शब्द व त्यांचे लाक्षणिक अर्थ ओळखू शकाल;
• एखाद्या कृतीविषयी नेमक्या सूचना लिहू शकाल.

मूळ पाठ

१. पिशवीची गरज

मराठी घरांत पिशवीची अनेक रूपे नांदत आली आहेत. पान-तंबाखूची चंची, औषधांचा बटवा, खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी दुतोंडी पडशी, कार्यकर्त्याच्या खांद्यावरची शबनम, अशी प्रत्येकीची नावे वेगळी आणि कामेही वेगळी. बाजाराला निघताना खुंटीवरची पिशवी काढून घेणे हा घराच्या शिस्तीचा भाग होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दुकानोदुकानी प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या मिळू लागल्या आणि ही शिस्त हळूहळू मोडली. रिकाम्या हाताने जावे व भरल्या हाताने परतावे, अशी सवय जडली.

या सवयीची किंमत पुढे दिसू लागली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर पाण्याखाली गेले. एवढा पाऊस हेच पुराचे मुख्य कारण होते. तथापि नाले व गटारे तुंबण्यात प्लॅस्टिकच्या कचऱ्याचाही वाटा होता, ही बाब त्या वेळी ठळकपणे पुढे आली. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. देशपातळीवर ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉनपेक्षा, तर ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या प्लॅस्टिक पिशव्यांना मनाई करण्यात आली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय.

मात्र कापडी पिशवी हाती घेतली म्हणजे सर्व प्रश्न सुटला, असे नाही. कापूस पिकविण्यास जमीन व पाणी लागते. सूत काढणे, विणणे, रंगविणे यांत ऊर्जा खर्च होते. एक कापडी पिशवी तयार होताना जे खर्ची पडते, ते एका पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा कितीतरी अधिक असते. हा खर्च भरून निघतो तो एकाच मार्गाने, म्हणजे तीच पिशवी वर्षानुवर्षे वापरल्याने. दहा वेळा वापरून उसवणारी कापडी पिशवी ना घराच्या उपयोगाची, ना परिसराच्या. म्हणून पिशवी टिकाऊ असणे हीच तिची पहिली कसोटी ठरते.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या अनेक पिशव्या प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या असतात. त्या विणलेल्या नसतात. तंतू दाबून व चिकटवून त्या बनविलेल्या असतात. विणलेल्या कापडाच्या कापलेल्या कडेचा एक धागा ओढला की तो सरळ निघून येतो. या पिशवीतून तसा धागा निघत नाही. एवढ्या परीक्षेने खरे कापड ओळखता येते.

२. कापड आणि साहित्य

पिशवीच्या बाहेरच्या बाजूस जाडसर, घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. मांजरपाट, जाड खादी किंवा कॅनव्हास यांपैकी कोणतेही चालते. अस्तरासाठी पातळ पण गच्च विणीचे पॉपलीन किंवा जुनी, न विरलेली सुती चादर वापरावी. कापड उजेडासमोर धरून पाहावे. ज्यातून प्रकाशाचे ठिपके सहज दिसतात ते विरलेले कापड अस्तरास घेऊ नये.

कापडाची रुंदी म्हणजे पन्हा. ९० सेंटिमीटर पन्ह्याचे कापड असल्यास बाहेरच्या भागासाठी सव्वा मीटर पुरते. पन्हा ११५ सेंटिमीटर असल्यास पाऊण मीटरमध्येही काम होते. अस्तराला ९० सेंटिमीटर पन्ह्याचे पाऊण मीटर कापड पुरे. याशिवाय मोजपट्टी, खडू, धारदार कात्री, टाचण्या, मजबूत दोरा आणि इस्त्री हवी. जाड कापडासाठी शिवणयंत्रास १६ क्रमांकाची सुई लावावी. यंत्र नसल्यास हीच पिशवी हातानेही शिवता येते. त्या वेळी साधा धावदोरा न घालता दुहेरी दोऱ्याने उलट टीप घालावी. कारण उलट टिपेत प्रत्येक टाका मागे जाऊन पुढे येतो आणि शिवण सहसा सैल होत नाही.

कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. बाहेरचे कापड व अस्तर सारखेच आटेल असे नसते. न धुता शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यानंतर सुरकुतते, कधी अस्तर ओढले जाते, तर कधी बाहेर डोकावते. म्हणून दोन्ही कापडे आधी धुऊन, वाळवून, त्यांवर इस्त्री फिरवावी आणि मगच मोजमाप करावे.

३. मापे आणि माया

पुढील तुकडे आखून घ्यावेत :

बाहेरचा भाग – ४० × ४३ सें.मी. चे दोन तुकडे
अस्तर – ४० × ४३ सें.मी. चे दोन तुकडे
बंद – १० × ६५ सें.मी. च्या दोन पट्ट्या (बाहेरच्या कापडाच्या)
आतील खिसा – २० × २० सें.मी. चा एक तुकडा (अस्तराच्या कापडाचा)

पिशवी खांद्याला अडकवायची असल्यास बंदाच्या पट्ट्या ८० सें.मी. लांब घ्याव्यात व त्या प्रमाणात कापड वाढवावे. बंदाची लांबी कापडाच्या उभ्या धाग्यांच्या दिशेने, म्हणजे काठाला समांतर ठेवावी. उभे धागे ताण अधिक सोसतात. तिरपे कापलेले बंद वजनाने लांबतात.

वरील मापांत चारही बाजूंना दीड सेंटिमीटर जादा कापड धरले आहे. शिवणीच्या बाहेर राहणाऱ्या या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात. कापलेल्या कडेजवळचे धागे मोकळे असतात. ताण पडला की ते एक एक करून निसटू लागतात. टीप अगदी कडेजवळ असेल, तर निसटणारे धागे लवकरच टिपेपर्यंत पोहोचतात आणि शिवण उघडी पडते. माया पुरेशी असेल, तर टिपेला आधार देणारे धागे शाबूत राहतात. कापड वाचविण्यासाठी माया कमी करणारा पुढे पूर्ण पिशवीच गमावतो.

४. बंद आणि खिसा

प्रथम बंद तयार करावेत. पट्टी लांबीच्या दिशेने मध्यावर दुमडून इस्त्री करावी व उघडावी. मध्यावर पडलेल्या रेषेपर्यंत दोन्ही कडा आत दुमडाव्यात आणि मग पट्टी पुन्हा मध्यावर मिटावी. अडीच सेंटिमीटर रुंदीची, चार पदरी पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही लांब कडांना २ ते ३ मिलिमीटर आतून टीप घालावी.

बाहेरचा एक तुकडा सुलट बाजू वर करून पसरावा. त्याच्या वरच्या काठावर डाव्या व उजव्या कडेपासून प्रत्येकी १२ सेंटिमीटर अंतरावर खडूने खूण करावी. बंदाची दोन टोके या दोन खुणांवर अशी ठेवावीत, की बंदाचा वळसा खाली, पिशवीच्या पोटाकडे येईल. टोके काठाच्या वर दोन सेंटिमीटर निघू द्यावीत. बंद पिळला गेला नाही ना, हे पाहून कच्च्या टाक्यांनी तो जागीच बसवावा. दुसऱ्या तुकड्यावरही असेच करावे. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते : बंद वर असतात म्हणून ते वर तोंड करून ठेवले जातात. तसे ठेवल्यास शेवटी ते अस्तराच्या आत अडकून बसतात.

खिशाच्या तुकड्याची वरची कड दोन सेंटिमीटर आत दुमडून टीप घालावी. उरलेल्या तीन कडा एक एक सेंटिमीटर आत दुमडून इस्त्री करावी. अस्तराच्या एका तुकड्याच्या सुलट बाजूवर, वरच्या काठापासून ९ सेंटिमीटर खाली, खिसा मध्यभागी ठेवून तीन बाजूंनी शिवावा. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर टीप पुढे-मागे करून पक्की करावी. हात घालताना पहिला ताण तेथेच येतो.

५. दोन पिशव्या

यानंतर प्रत्यक्षात दोन पिशव्या शिवल्या जातात. एक बाहेरची, दुसरी अस्तराची.

बाहेरचे दोन तुकडे सुलट बाजूवर सुलट बाजू येईल असे ठेवावेत. बंद टिपेत सापडणार नाहीत याची काळजी घेऊन डावी, तळाची व उजवी बाजू दीड सेंटिमीटर माया सोडून शिवावी. वरची बाजू उघडी राहील. टाका सुमारे अडीच मिलिमीटरचा असावा. प्रत्येक टिपेच्या आरंभी व शेवटी तीन-चार टाके मागे घेऊन टीप पक्की करावी.

तळाला रुंदी आणण्यासाठी खालचा कोपरा असा चिमटावा, की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बरोबर येईल. कोपऱ्याचा त्रिकोण होतो. टोकापासून शिवणीवर चार सेंटिमीटर अंतर मोजून तेथे आडवी रेष आखावी. ही रेष आठ सेंटिमीटर लांब भरते. तिच्यावर दोनदा टीप घालून टोकाकडचे कापड एक सेंटिमीटर माया ठेवून कापावे. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसेच करावे. तयार पिशवीचा तळ २९ × ८ सेंटिमीटर व उंची ३६ सेंटिमीटर होते.

अस्तराचे दोन तुकडे याच रीतीने शिवावेत, परंतु दोन फरक ध्यानात ठेवावेत. पहिला म्हणजे, तळाच्या शिवणीत मधोमध १४ सेंटिमीटर जागा न शिवता मोकळी सोडावी. दुसरा म्हणजे, बाजूची टीप तोंडाशी दीड सेंटिमीटरवरच घालावी, पण तळाकडे येताना ती दोन-तीन मिलिमीटर आत घ्यावी. त्यामुळे अस्तर किंचित लहान होते आणि आत बसल्यावर फुगत नाही.

६. उलटविणे

बाहेरची पिशवी सुलट करावी. अस्तराची पिशवी उलटच ठेवावी. सुलट पिशवी उलट अस्तराच्या आत घालावी. आता दोन्ही कापडांच्या सुलट बाजू समोरासमोर आल्या असून बंद त्यांच्या मध्ये दडले आहेत. बाजूच्या शिवणी एकमेकींवर आणून टाचण्या लावाव्यात आणि तोंडाच्या कडेने सर्व बाजूंनी, दीड सेंटिमीटर माया सोडून, टीप घालावी. बंदांवरून जाताना टीप दोनदा घालावी. टाचणी सुईखाली आल्यास सुई मोडते. म्हणून सुईजवळ येणारी प्रत्येक टाचणी आधी काढून घ्यावी.

या क्षणी हातात जे असते, ते पिशवीसारखे दिसत नाही. सर्व कडा बाहेर, बंद कोठेच नाहीत, तोंडही बंद झालेले. पहिल्यांदा शिवणाऱ्याला आपले काहीतरी चुकले असे वाटते. अस्तराच्या तळाशी सोडलेल्या मोकळ्या जागेतून बाहेरची पिशवी हळूहळू ओढून काढली, की कडा आत जातात, बंद वर येतात आणि पिशवी आकार घेते. ती मोकळी जागा सोडण्यास विसरल्यास मात्र शिवण उसवण्यावाचून गत्यंतर नसते.

मोकळ्या जागेच्या कडा आत दुमडून ती शिवून टाकावी व अस्तर पिशवीत सारावे. तोंडाला इस्त्री करून कडेपासून अर्धा सेंटिमीटरवर पुन्हा एक टीप फिरवावी. शेवटी प्रत्येक बंदाच्या मुळाशी, तोंडाच्या कडेखाली, दोन सेंटिमीटर रुंद व तीन सेंटिमीटर उंच असा आयत शिवून त्यात फुली घालावी. बंदाची जी टोके काठाबाहेर काढली होती, ती आता आत दडलेली असतात. या आयतात ती पक्की अडकतात.

७. तपासणी आणि दुरुस्ती

पाच किलो धान्य पिशवीत घातले, की ते वजन चार जोडांवर वाटले जाते. पिशवी स्थिर असताना प्रत्येक जोडावर सुमारे सव्वा किलो भार येतो. चालताना बसणाऱ्या हिसक्यांनी तो वाढतो. एका जोडाची टीप सुटली, तर त्याचा भार उरलेल्या तिघांवर पडतो. म्हणून पिशवी वापरात आणण्यापूर्वी पाच किलो वजन घालून ती तासभर खुंटीला अडकवावी व चारही जोड निरखून पाहावेत. घरात सुटलेला टाका दोन मिनिटांत घालता येतो. भर रस्त्यात सुटलेला टाका घालता येत नाही.

अस्तर केवळ शोभेसाठी नसते. ते भार सोसण्यास हातभार लावते, कच्च्या कडा झाकते आणि घर्षणापासून शिवणीचे रक्षण करते. पुढेमागे एखादा बंद सैल झालाच, तर अस्तराच्या तळाची ती १४ सेंटिमीटरची शिवण उसवावी, तेथून पिशवी उलटी करून आतून जोड पक्का करावा आणि जागा पुन्हा शिवून टाकावी. जुनी पिशवी आणखी काही वर्षे बाजाराला जाऊ लागते.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. कापडाच्या रुंदीला ______ म्हणतात. (माया / पन्हा / टीप)
२. बंदांची लांबी कापडाच्या ______ धाग्यांच्या दिशेने ठेवावी. (उभ्या / आडव्या / तिरप्या)
३. मोकळी जागा ______ तळाच्या शिवणीत सोडावी. (बाहेरच्या पिशवीच्या / अस्तराच्या / खिशाच्या)

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. कापड शिवण्यापूर्वी का धुवावे?
२. बंद बसविताना त्याचा वळसा कोणत्या दिशेला असावा?
३. विणलेले कापड कसे ओळखावे?

भाषाभ्यास

१. शब्दांचे दोन अर्थ

व्यवसायातील अनेक शब्द दैनंदिन भाषेत वेगळा अर्थ घेऊन येतात. ‘माया’ म्हणजे ममता, आणि माया म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले जादा कापडही. ‘टीप’ म्हणजे यंत्राची शिवण, आणि टीप म्हणजे लेखाखाली दिलेला खुलासाही. कापड ‘विरते’, तसा आवाजही विरतो. शिवण ‘उसवते’, तशी नात्यांची वीणही उसवते. कोणता अर्थ घ्यावयाचा हे संदर्भावरून ठरते. ‘अस्तर’ आणि ‘पन्हा’ हे दोन्ही शब्द फार्सीतून मराठीत आले व येथलेच झाले.

शिवणकामाने काव्यालाही प्रतिमा दिल्या आहेत. संत नामदेव शिंपी कुळातील होते. गुरू ग्रंथ साहिब या शीख धर्मग्रंथात समाविष्ट असलेल्या त्यांच्या एका पदात गज, कात्री, सुई व दोरा यांची रूपके आली आहेत.

२. सूचनेची क्रियापदे

पाठातील सूचना ‘धुवावे’, ‘आखावी’, ‘शिवावा’ अशा विध्यर्थी रूपांत आहेत. त्याच सूचना ‘धुवा’, ‘आखा’, ‘शिवा’ अशा आज्ञार्थी रूपांतही देता येतात. समोरच्या व्यक्तीला थेट सांगताना आज्ञार्थ वापरला जातो. सर्वांसाठी लिहिलेल्या औपचारिक मजकुरात विध्यर्थ शोभतो. एका लेखनात शक्यतो एकच रूप पाळावे.

३. नेमकेपणा

पुढील दोन सूचना वाचा.
(क) बंद वरच्या बाजूला लावावेत.
(ख) बंदाची टोके वरच्या काठावर ठेवावीत व वळसा खाली पिशवीच्या पोटाकडे येऊ द्यावा.
पहिली सूचना खोटी नाही, परंतु अपुरी आहे. ती वाचून बंद दोन प्रकारे लावता येतात आणि त्यांपैकी एक प्रकार चुकीचा आहे. दुसरी सूचना एकच अर्थ सांगते. सूचना लिहून झाल्यावर ती दुसऱ्याला वाचावयास द्यावी. त्याला प्रश्न विचारावा लागला, तर सूचनेत काहीतरी राहून गेले आहे असे समजावे.

तुम्ही काय शिकलात?

• कापडी पिशवी दीर्घकाळ वापरली तरच तिच्यासाठी झालेला खर्च सार्थकी लागतो.
• पिशवीचा टिकाऊपणा माया, पक्की टीप, बंदांचे जोड व अस्तर यांवर अवलंबून असतो. यांपैकी बराच भाग वरून दिसत नाही.
• कापड धुणे, आखणे, बंद व खिसा तयार करणे, दोन पिशव्या शिवणे, त्या तोंडाशी जोडणे, उलटविणे आणि तपासणे हा कामाचा क्रम आहे.
• कृती सांगणाऱ्या लेखनात क्रम, माप व दिशा या तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात.

पाठान्त प्रश्न

१. ‘कापडी पिशवी टिकाऊ असणे हीच तिची पहिली कसोटी’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. शिवणीला माया का ठेवावी लागते, ते ५–६ ओळींत लिहा.
३. ‘उलटविणे’ या भागातील सूचना आज्ञार्थी रूपांत पुन्हा लिहा.
४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : कात्री लावणे, ठिगळ लावणे, सुतावरून स्वर्ग गाठणे.
५. तुमच्या व्यवसायातील किंवा घरातील एखादी कृती दहा सूचनांत लिहा. क्रम, माप व दिशा यांकडे लक्ष द्या.

उपक्रम

घरातील जुनी, उसवलेली पिशवी घ्या. ती उलटी करून कोणती शिवण सुटली आहे व तेथे माया किती होती, ते मोजा. तुमच्या भागात पिशवीच्या प्रकारांना कोणती नावे आहेत, याची यादी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. पन्हा २. उभ्या ३. अस्तराच्या
(आ) १. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते व दोन्ही कापडे सारखी आटतील असे नसते, म्हणून ते आधी धुवावे. २. बंदाचा वळसा खाली, पिशवीच्या पोटाकडे असावा. ३. कापलेल्या कडेचा धागा ओढल्यावर तो सरळ निघून आला, तर ते विणलेले कापड समजावे.